यूट्यूबवर गाणं दोन दिवस पळतं, तिसऱ्या दिवशी बसतं : दोष कुठे आहे ते कसं शोधायचं

लक्षण दर वेळी तेच असतं. शुक्रवारी संध्याकाळी गाणं टाकलं. कलाकार, कॅमेरावाला, नाचणारी मुलं, गावचं मंडळ, सगळ्यांनी स्टेटसला लिंक लावली. रविवार रात्रीपर्यंत चार हजार व्ह्यूज. सोमवारी आलेख आडवा पडला तो पडलाच. मग सल्ले सुरू होतात : टॅग बदला, पुन्हा अपलोड करा, अमुक रुपयांत दहा हजार व्ह्यूज देतो. पुढच्या गाण्यालाही हाच प्रकार.

'गाणं चाललं नाही' या एका वाक्यात चार वेगळे दोष दडलेले असतात. एक, यूट्यूबने ते कुणाला दाखवलंच नाही. दोन, दाखवलं पण लोकांनी दाबलं नाही. तीन, दाबलं पण वीस सेकंदांत परत गेले. चार, एखादी सेटिंग किंवा कॉपीराइटचा दावा वाट अडवून बसलाय. प्रत्येकाचं औषध निराळं आहे. थंबनेल (व्हिडिओ उघडण्याआधी दिसणारं छोटं चित्र) खराब असताना टॅग (व्हिडिओला लावलेले शोधशब्द) बदलणं म्हणजे दात दुखतोय आणि चष्मा बदलायचा.

आधी आकडे, मग हात लावायचा

यूट्यूब स्टुडिओ उघडा, तो व्हिडिओ निवडा, ॲनालिटिक्समधल्या 'रीच' भागात जा. इथे इम्प्रेशन, क्लिक-थ्रू रेट आणि ट्रॅफिक सोर्स असे तीन आकडे मिळतात.

इम्प्रेशन म्हणजे यूट्यूबच्या आत थंबनेल किती वेळा समोर आलं ते. थंबनेलचा निम्मा तरी भाग एक सेकंदाहून जास्त वेळ पडद्यावर दिसला, तरच तो धरला जातो. व्हॉट्सॲपवरून लिंक दाबून आलेला माणूस इम्प्रेशनमध्ये येत नाही. सोमवारच्या आडव्या आलेखाचं उत्तर बहुतेक वेळा इथेच सापडतं. चार हजार व्ह्यूजपैकी अडीच-तीन हजार 'एक्स्टर्नल' या सोर्सखाली दिसत असतील, तर गाणं यूट्यूबवर पळालंच नव्हतं. ओळखीपाळखीने ढकललं होतं. ढकलणारे दमले, गाडी थांबली. अशा वेळी 'व्ह्यूज का पडले' असं विचारण्यात अर्थ नाही. 'होम' आणि 'सजेस्टेड'मधून माणसं का आली नाहीत, ते शोधायचं.

क्लिक-थ्रू रेट म्हणजे शंभर इम्प्रेशनमागे किती वेळा दाबलं गेलं तो दर. त्याबद्दल यूट्यूबच सांगतं की निम्म्या चॅनेलांचा आणि व्हिडिओंचा दर २ ते १० टक्क्यांच्या दरम्यान असतो. चाळीस हजार इम्प्रेशनवर २ टक्के दर म्हणजे ८०० व्ह्यूज, ५ टक्के म्हणजे २,०००. पण हा आकडा एकटा वाचू नका. पहिल्या दिवशी गाणं नेहमीच्या प्रेक्षकांना दिसतं, दर ९ टक्के येतो. पुढे ते अनोळखी लोकांना दिसू लागलं की दर उतरतो. इम्प्रेशन वाढतायत आणि दर उतरतोय, तर काही बिघडलेलं नाही. इम्प्रेशन वाढत नाहीत आणि दरही २ च्या खाली आहे, तर थंबनेल आणि टायटलवर काम आहे.

आणखी एक गोम. ॲनालिटिक्समधला दिवस अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्याच्या घड्याळाने मोजतात. आपल्याकडे तो दुपारी साडेबाराला सुरू होतो, थंडीच्या महिन्यांत दीडला. सकाळी अकराला गाणं टाकून 'पहिल्या दिवशी' काय झालं ते बघाल, तर जेमतेम दीड-अडीच तासांचा दिवस दिसेल आणि उगाच धसका बसेल. निदान सात दिवसांचा आकडा हातात येईपर्यंत काही बदलू नका. याला अपवाद पुढच्या भागातल्या गोष्टींचा. त्या पहिल्या तासातच तपासायच्या.

वाट अडलेली आहे का

सर्वांत आधी 'मुलांसाठी बनवलेला' ही सेटिंग पाहा. बालगीत, बाप्पाचं गाणं, शाळेच्या स्नेहसंमेलनासाठीचं गाणं टाकताना अनेक जण भाबडेपणाने 'हो' करून टाकतात. मग टिप्पण्या बंद, एंड स्क्रीन (शेवटी दुसरे व्हिडिओ सुचवणाऱ्या चौकटी) बंद, सदस्यांना घंटीची सूचना जात नाही, कुणाला प्लेलिस्टमध्ये जतन करता येत नाही, वैयक्तिक आवडीनुसारच्या जाहिराती नाहीत. खरोखर लहानग्यांसाठीचं गाणं असेल तर हे नियमाने पाळावंच लागतं, त्यातून पळवाट नाही. पण व्हिडिओत चार मुलं नाचतायत एवढ्यावरून गाणं 'मुलांसाठी' होत नाही. ते कुणासाठी बनवलंय, यावर ठरतं.

मग 'रिस्ट्रिक्शन्स'चा रकाना. तिथे 'कॉपीराइट' दिसलं की घाबरून हरकत नोंदवू नका. आधी दावा कुणाचा आहे ते वाचा. दहातले कितीतरी दावे आपल्याच वितरकाचे असतात. गाणं स्पॉटिफाय, जिओसावनवर जावं म्हणून तुम्ही वितरकाकडे दिलं, अर्जात 'कंटेंट आयडी' (यूट्यूबवर तुमचं गाणं आपोआप ओळखून दावा लावणारी यंत्रणा) या चौकटीत टिक केली, आणि त्याच यंत्रणेने तुमचाच व्हिडिओ पकडला. अशा दाव्याने गाण्याचे पैसे बुडत नाहीत, ते वितरकाच्या हिशेबातून येतात. तरी स्वतःच्या चॅनेलवर दावा नको असेल, तर वितरकाला चॅनेलची लिंक पाठवून ते मुभा-यादीत टाकायला सांगा. गाणं यायच्या आधीच हे करून घ्या. स्वतःच्याच वितरकाशी यूट्यूबवर वाद घालत बसलात, तर दावेदाराला उत्तर द्यायला ३० दिवस असतात, तोवर गणपती विसर्जनही होऊन जातं.

दावा दुसऱ्याचा असेल, तर तो बहुधा बीटमधून, म्हणजे गाण्याखालच्या तयार वाद्यसंगीतातून आलेला असतो. इंटरनेटवरून घेतलेली बीट एकाच वेळी पन्नास जणांना विकलेली असू शकते. त्यातला एकजण आपलं गाणं कंटेंट आयडीत नोंदवतो आणि बाकीच्या एकोणपन्नासांवर दावे पडतात. बीट एकट्याच्या मालकीची नसेल, किंवा ढोलकी-हलगीचे तयार लूप जसेच्या तसे वापरले असतील, तर आपणही ते गाणं कंटेंट आयडीत नोंदवू नये. उद्या दुसऱ्याच्या गाण्यावर आपला खोटा दावा जाईल आणि वितरक खातं बंद करेल.

आरत्या, ओव्या, पारंपरिक लग्नगीतं यांत वेगळाच घोळ आहे. शब्द शेकडो वर्षं जुने म्हणून गाणं मोकळं, असा समज असतो. शब्द मोकळे असतील, पण चाल कुणा संगीतकाराची असू शकते, आणि ध्वनिमुद्रण तर हमखास कुणाचं तरी असतं. आपल्या कायद्यात ध्वनिमुद्रणाचा हक्क प्रकाशनानंतर ६० वर्षं राहतो. गीतकार-संगीतकाराचा हक्क त्यांच्या मृत्यूनंतर ६० वर्षं. जुन्या गाण्याची कव्हर आवृत्ती काढायची तर कॉपीराइट कायद्याच्या कलम ३१-सी मध्ये वाट आहे, पण ती ध्वनिमुद्रणापुरती. त्यावर चित्र लावायचं तर परवानगी वेगळी घ्यावी लागते. दाव्याच्या तपशिलात 'काही देशांत बंद' असं लिहिलेलं असेल तर देशांची यादी उघडून पाहा. दुबई, लंडन, न्यू जर्सीतली मराठी मंडळी ज्या गाण्याला हक्काची, तेच तिथे दिसत नाही असं होऊन बसतं आणि इथे कुणाला पत्ता नसतो.

उरलेलं झटपट. विभाग 'म्युझिक' ठेवा. व्हिडिओची भाषा 'मराठी' निवडा, रिकामी किंवा हिंदी नको. परवाना 'स्टँडर्ड' ठेवा. 'क्रिएटिव्ह कॉमन्स' चुकून निवडला गेला, तर कुणीही तुमचा व्हिडिओ उचलून वापरायला मोकळा होतो.

दाबतात पण टिकत नाहीत

मराठी म्युझिक व्हिडिओचं खरं दुखणं इथे आहे. या भागावर वेळ घालवा, बाकी कशावर कमी घातला तरी चालेल.

'एंगेजमेंट'मध्ये रिटेन्शनचा आलेख असतो. तिसाव्या सेकंदाला किती टक्के लोक उरले ते तिथे लिहिलेलंच असतं. आता आपल्या गाण्याची सुरुवात घड्याळ लावून मोजा. चॅनेलचा फिरता लोगो ८ सेकंद. 'सादर करीत आहोत' ६ सेकंद. 'या गाण्यातील पात्रं काल्पनिक आहेत' १० सेकंद. गावावरून ड्रोन, नदी, देऊळ, सूर्योदय १५ सेकंद. मग नायक आणि त्याच्या मित्राचा संवाद २० सेकंद. बेरीज ५९. गाण्याचा पहिला शब्द एका मिनिटाला. हळदीचं गाणं शोधत आलेला माणूस एवढ्या वेळात दुसऱ्या दोन गाण्यांची सुरुवात ऐकून येतो.

निर्मात्याला नाव हवं असतं, ज्याने गाडी दिली त्याला आभार हवे असतात, हे मान्य. ती सगळी नावं शेवटच्या २० सेकंदांत घ्या. एंड स्क्रीन ५ ते २० सेकंदांचीच असते, तेव्हा नावं डावीकडे आणि पुढच्या गाण्याची चौकट उजवीकडे अशी जागा शूटिंगच्या वेळीच मोकळी ठेवा. चॅनेलचं नाव हवंच, तर चालू दृश्यावर कोपऱ्यात ३ सेकंद. संवाद चांगला जमला असेल तर त्याचा वेगळा शॉर्ट (यूट्यूबचा छोटा उभा व्हिडिओ) करा. ओळख करून देणारं सगळं काढल्यावर जे उरतं तिथून गाणं सुरू करा : ढोलकीची पहिली थाप, नाहीतर थेट धृवपदाची अर्धी ओळ. ऑडिओत २५ सेकंदांची सुरावट आधी असेल, तर व्हिडिओसाठी ती ८ सेकंदांवर आणलेली आवृत्ती वेगळी मिक्स करून घ्या. संगीत संयोजकाला हे रेकॉर्डिंगच्या दिवशीच सांगितलेलं बरं. नंतर कापलेली सुरावट ठेक्यावर जुळत नाही.

गाणं आधीच टाकलेलं आहे? यूट्यूबवर तीच लिंक ठेवून नवी फाइल घालता येत नाही, पण कापता येतं, आणि व्ह्यूज, टिप्पण्या, लिंक सगळं शाबूत राहतं.

१. संगणकावर स्टुडिओ उघडून व्हिडिओ निवडा, डावीकडून 'एडिटर' घ्या.
२. 'ट्रिम अँड कट' दाबा. सुरुवातीचा भाग उडवायचा असेल तर निळी कड ओढा. मधलाच तुकडा काढायचा तर 'न्यू कट' घ्या.
३. काप ठेक्यावर, म्हणजे समेच्या जागी पडतोय का, ते हेडफोन लावून तीनदा ऐका.
४. जतन करा. प्रक्रियेला काही तास लागू शकतात, तोवर लोकांना जुनाच व्हिडिओ दिसतो.
५. झाल्यावर बोलांची सबटायटल, चॅप्टरच्या वेळा आणि एंड स्क्रीन पुन्हा तपासा.

व्हिडिओला एक लाखाहून जास्त व्ह्यूज असतील आणि चॅनेल यूट्यूबच्या भागीदार कार्यक्रमात (ज्यातून जाहिरातीचा वाटा मिळतो) नसेल, तर हे बदल जतन होत नाहीत. म्हणून लाखाच्या जवळ आलेलं गाणं आधी कापून घ्या.

आलेखात मध्येच खड्डा असेल तर तिथे काय आहे ते पाहा. बहुतेकदा दोन कडव्यांमधली वाद्यांची जागा निघते, जिथे तोच नाच त्याच कोनातून पुन्हा येतो. हे पुढच्या शूटिंगसाठी लिहून ठेवा : त्या जागेसाठी वेगळा पोशाख, वेगळी जागा, निदान वेगळी चौकट. उलट आलेखात एखादा उंचवटा दिसला तर तो सोन्याचा. लोक मागे जाऊन तेवढाच भाग पुन्हा पाहतायत. शॉर्ट तिथूनच कापायचा.

ओठ आणि शब्द जुळत नसल्यानेही लोक जातात. मोबाइलवर केलेल्या चित्रणात फ्रेमचा वेग कमी-जास्त होत राहतो. संकलनात सुरुवातीला सगळं जुळतं आणि तिसऱ्या मिनिटाला गायिका अर्धा शब्द मागे पडते. ते चित्रण आधी हँडब्रेक या सॉफ्टवेअरमधून 'कॉन्स्टंट फ्रेमरेट' निवडून काढा, मग संकलनाला घ्या. संथ गतीत ओठ हलवायचे असतील तर ५० फ्रेमने चित्रण करून २५ च्या टाइमलाइनवर टाका, आणि सेटवर गाणं दुप्पट वेगाने वाजवा. कलाकार हसतात, पण पडद्यावर जुळतं.

दिसतं पण दाबत नाहीत

थंबनेल १२८० बाय ७२० चं करा, मात्र पाहायचं मोबाइलवर, तेही हात लांब करून. चार चेहरे, गाण्याचं नाव, दिग्दर्शकाचं नाव, 'प्रदर्शित', चॅनेलचा शिक्का एवढं सगळं त्या चौकटीत कोंबलं की काहीच वाचता येत नाही. एक चेहरा, एक भाव, जास्तीत जास्त तीन शब्द. उजव्या खालच्या कोपऱ्यात वेळेची काळी पट्टी बसते, म्हणून तिथे अक्षर नको. पाहून झालेल्या भागाची लाल रेघ तळाशी येते, तेव्हा तळाची कडही मोकळी. लग्नाचं गाणं असेल तर हळद, मुंडावळ्या, मांडव यांतलं एक तरी दिसू द्या. प्रेक्षक गायकाचं नाव शोधत नसतो, प्रसंग शोधत असतो. नवोदितांच्या बाबतीत तर हे शंभर टक्के.

देवनागरी अक्षरं फुटणं हा फार जुना रोग. वेलांटी अक्षराच्या उजवीकडे जाते, जोडाक्षराचा पाय मोडतो. फोटोशॉपच्या टाइप सेटिंगमध्ये 'वर्ल्ड-रेडी लेआउट' आणि प्रीमियरच्या ग्राफिक्स सेटिंगमध्ये 'साउथ एशियन' मजकूर यंत्रणा निवडली की हे थांबतं. फाँट युनिकोड घ्या. मुंबईच्या एक टाइपचे मुक्त आणि बालू फुकट मिळतात, आणि बालूचं जाड अक्षर लहान आकारातही वाचता येतं. हिंदी वळणाचा ल आणि श मराठी डोळ्याला खुपतो, तिकडे लक्ष द्या. तेवढ्यावरूनही गाणं 'बाहेरचं' वाटतं.

टायटलला १०० अक्षरांची मर्यादा आहे, आणि देवनागरीत काना, मात्रा, हलन्त वेगवेगळे मोजले जातात. 'हळदीच्या' हा शब्द डोळ्याला चार अक्षरांचा, मोजणीत आठ. मोबाइलवर सुरुवातीच्या दोन ओळीच दिसतात, म्हणून गाण्याचं नाव आणि प्रसंग आधी, गायकाचं नाव नंतर, कंपनीचं नाव शेवटी किंवा नकोच. पहिल्या चाळीस जागा 'सुपरहिट न्यू मराठी साँग' यात घालवणारं टायटल दुसऱ्या हजार टायटलांसारखंच दिसतं.

चॅनेलवर 'टेस्ट अँड कंपेअर'ची सोय आली असेल तर तीन थंबनेल एकमेकांसमोर उभी करा. यूट्यूब विजेता ठरवतं ते पाहण्याच्या वेळेवरून, नुसत्या क्लिकवरून नाही. तीन थंबनेल खरोखर वेगळी हवीत. रंग थोडा गडद केलेलं तेच चित्र टाकून दोन आठवडे वाया जातात.

शोधात सापडत नाही

मराठी माणूस गाणं मराठीत ऐकतो, पण टाइप करतो रोमनमध्ये, आणि प्रत्येकाचं स्पेलिंग स्वतःचं. 'गीत' कुणी दोन ई लावून लिहितं, कुणी एकाच आयवर भागवतं. 'कोळी'तला ळ रोमनमध्ये एल होतो. 'हळद' म्हणून कुणी शोधत नाही, 'हळदी साँग' असं रोमनमध्ये शोधतात. म्हणून टायटलमध्ये नाव देवनागरीत आणि उभ्या रेघेनंतर तेच रोमनमध्ये असं दोन्ही ठेवा. कुठलं स्पेलिंग निवडायचं ते मनाने ठरवू नका. मोबाइलवर यूट्यूबच्या शोधपट्टीत पहिली पाच-सहा अक्षरं टाका आणि खाली कोणती सूचना वर येते ते पाहा. जुनं गाणं असेल तर ट्रॅफिक सोर्समध्ये 'यूट्यूब सर्च' उघडा. लोकांनी नेमके काय शब्द टाकले, त्यांची यादीच मिळते.

डिस्क्रिप्शनला ५,००० अक्षरांची जागा आहे आणि बहुतेक जण तिथे पाच लिंक आणि फोन नंबर टाकून मोकळे होतात. पहिल्या दोन ओळींत गाणं कसलं, कोणत्या प्रसंगाचं, कोणत्या भागातलं ते लिहा. मग श्रेयनामावली. मग पूर्ण बोल, देवनागरीत आणि रोमनमध्ये. लोकांना धृवपद आठवत नाही, मधलीच ओळ आठवते, आणि ते तीच टाइप करतात. बोल डीटीपीवाल्याकडून आले असतील तर एक सापळा आहे. श्रीलिपी किंवा कृतिदेवमध्ये टाइप केलेला मजकूर पत्रिकेवर मराठी दिसतो, पण यूट्यूबवर चिकटवला की रोमन अक्षरांची खिचडी होते. युनिकोडमध्ये बदलून घेतल्याशिवाय तो कुठेही टाकू नका.

टॅग? यूट्यूबच्या लेखी त्यांचा उपयोग नगण्य आहे, चुकीची स्पेलिंग पकडण्यापुरता. ५०० अक्षरांच्या मर्यादेत स्पेलिंगचे आठ-दहा प्रकार टाका आणि विषय संपवा. मोठ्या गायकांची नावं टॅगमध्ये किंवा डिस्क्रिप्शनमध्ये कोंबली तर दिशाभूल करणारी माहिती म्हणून व्हिडिओ उडू शकतो.

वितरकाच्या अर्जातलं कलाकाराचं नाव प्रत्येक गाण्याला अक्षरशः तेच हवं. एकदा मधलं नाव लावलं, एकदा गाळलं, एकदा आडनावात एक ए जास्त दिला, की यूट्यूब दोन वेगळे कलाकार समजून दोन 'टॉपिक' चॅनेल (कलाकाराच्या नावाची आपोआप तयार होणारी चॅनेल) बनवतं आणि ऐकणारे विभागले जातात. एक तरी गाणं वितरकामार्फत आलं असेल आणि चॅनेल स्वतःचं असेल, तर त्याच्यामार्फत अधिकृत कलाकार चॅनेलसाठी अर्ज करा. 'टॉपिक'वरची गाणी आणि तुमचे व्हिडिओ एका छताखाली येतात, नावापुढे सुराचं चिन्ह लागतं.

शॉर्टला लाख व्ह्यूज, गाण्याला दोन हजार

ही तक्रार हल्ली सर्वांत जास्त. शॉर्टखाली 'पूर्ण गाण्याची लिंक डिस्क्रिप्शनमध्ये' असं लिहिलेलं असतं, आणि ती लिंक दाबताच येत नाही. ३१ ऑगस्ट २०२३ पासून शॉर्टच्या टिप्पण्यांतल्या आणि डिस्क्रिप्शनमधल्या लिंक मृत आहेत. स्टुडिओत त्या शॉर्टच्या तपशिलात 'रिलेटेड व्हिडिओ' म्हणून रकाना आहे, तिथे पूर्ण गाणं निवडायचं. मग शॉर्टवरच गाण्याचं नाव दाबता येतं. हा रकाना दिसत नसेल तर चॅनेलची 'ॲडव्हान्स्ड' पडताळणी राहिलेली असते.

लाखाच्या आकड्यालाही भुलू नका. ३१ मार्च २०२५ पासून शॉर्ट नुसता सुरू झाला तरी व्ह्यू मोजतात. अंगठ्याने सरकवून गेलेलाही त्यात आला. खरोखर थांबून पाहणाऱ्यांचा 'एंगेज्ड व्ह्यूज' हा वेगळा आकडा बघा.

शॉर्ट तीन मिनिटांपर्यंत चालतो, पण एका मिनिटाहून मोठ्या शॉर्टवर कंटेंट आयडीचा दावा आला तर तो बंद होतो. आपल्याच वितरकाच्या दाव्याने आपलाच सव्वा मिनिटाचा शॉर्ट बंद पडलेला पाहण्यापेक्षा ४० ते ५५ सेकंदांत आटपा. आणि सगळं धृवपद देऊन टाकू नका. ओळ जिथे उचलली जाते तिथे तोडा.

आवाज बसका, चित्र पुसट

मास्टरिंगमध्ये गाणं फार मोठं केलं की यूट्यूब ते खाली खेचतं. पातळी साधारण उणे १४ एलयूएफएसची (कानाला जाणवणाऱ्या आवाजाचं माप). संगणकावर व्हिडिओवर उजवं बटण दाबून 'स्टॅट्स फॉर नर्ड्स' उघडा. 'कंटेंट लाउडनेस'पुढे अधिक ६ डीबी दिसलं, तर तेवढा आवाज कमी करून वाजवतायत. गाणं दाबून मोठं केल्याने ढोलकीची थाप गेली ती गेलीच, वर आवाजही कमी. उणे आकडा असेल तर यूट्यूब तो वर उचलत नाही, म्हणजे गाणं शेजारच्या गाण्यापेक्षा बारीकच वाजणार. शिखर पातळी उणे १ डीबीच्या वर जाऊ देऊ नका. ऑडिओ ४८ किलोहर्ट्झ, एएसी, ३८४ केबीपीएस.

चित्र १०८० मध्ये केलं असलं तरी निर्यात १४४० किंवा ४के मध्ये करा. मोठ्या आकाराला यूट्यूब चांगला कोडेक (चित्र दाबून साठवायची पद्धत) देतं, आणि भंडारा उधळताना, पावसात, गर्दीच्या नाचात दिसणारे चौकोन कमी होतात. २५-३० फ्रेमसाठी १४४० ला १६ एमबीपीएस, ४के ला ३५ ते ४५. हे प्रदर्शनाच्या आदल्या दिवशीच 'प्रायव्हेट' म्हणून चढवा. आधी फक्त ३६० ची आवृत्ती तयार होते, एचडीला वेळ लागतो. संध्याकाळी सहाला चढवून सव्वासहाला जाहीर केलं, तर पहिले आणि सर्वांत हौशी प्रेक्षक धुरकट गाणं बघतात.

तारीख चुकली

सणाचं गाणं सणाच्या दिवशी टाकणं म्हणजे लग्न लागल्यावर पत्रिका वाटणं. मंडळं आणि नाचाचे ग्रुप तीन-चार आठवडे आधी गाणी निवडतात. त्यात वितरकाकडून गाणी सगळीकडे पोचायला दोन-तीन आठवडे धरा. आणि मागच्या वर्षीची इंग्रजी तारीख डोळे झाकून घेऊ नका. गणेश चतुर्थी २०२५ मध्ये २७ ऑगस्टला होती, २०२६ मध्ये अधिक ज्येष्ठामुळे ती १४ सप्टेंबरला. आषाढी ६ जुलैवरून २५ जुलैवर. 'मागच्या ऑगस्टशी तुलना' करून यंदा गाणं पडलं म्हणणाऱ्याने आधी पंचांग उघडावं. शिवजयंतीची १९ फेब्रुवारी आणि भीमजयंतीची १४ एप्रिल मात्र पक्की, तिथे सबब नाही. हळदीच्या गाण्यांचा हंगाम तुळशीच्या लग्नानंतर, म्हणून दिवाळीच्या गडबडीत गाणं तयार असलं पाहिजे.

जुनी सणाची गाणी दर वर्षी उठतात. हंगामाच्या महिनाभर आधी त्यांचं थंबनेल नवं करा, एका प्लेलिस्टमध्ये लावा, आणि नव्या गाण्याच्या एंड स्क्रीनवर ती प्लेलिस्ट द्या. टायटलमध्ये साल घालू नका. पुढच्या वर्षी तेच शिळं दिसतं.

विकतचे व्ह्यूज

पॅकेजवाल्यांचे व्ह्यूज बनावट म्हणून वजा होतात, प्रसंगी व्हिडिओ आणि चॅनेल दोन्ही जातं. गूगलची अधिकृत जाहिरात नियमात बसते, पण तिच्यातून आलेला माणूस 'स्किप'ची वाट बघत असतो. सरासरी पाहण्याचा वेळ खाली जातो आणि आलेख वाचणं अवघड होतं. जाहिरात द्यायचीच, तर रिटेन्शन दुरुस्त झाल्यावर, फक्त मराठी प्रेक्षक आणि आपला भाग निवडून. यूट्यूब आपल्या संगीताच्या तक्त्यांत २०१९ पासून जाहिरातीचे व्ह्यूज धरत नाही.

पुन्हा अपलोड करायचं का

एकाच कारणासाठी : ऑडिओतच दोष असेल तर. चुकीचं मिक्स गेलं, एक कडवं गाळलं गेलं, आवाज एकाच बाजूने येतोय. टायटल, थंबनेल, बोल, सुरुवातीची लांबण यांसाठी नवा अपलोड लागत नाही. नवा करावाच लागला तर जुना काढून टाकू नका. तो 'अनलिस्टेड' (फक्त लिंक असलेल्यांना दिसेल असा) करा, त्यावर नव्या गाण्याची लिंक टिप्पणीत टाकून ती वर टाचा. स्टेटसवर आणि जुन्या मेसेजमध्ये फिरणारी लिंक अजून कुणीतरी दाबत असतंच.